नऊ अक्षरं, एक नाव

तुरीच्या डाळीचा वास आला की सालेहाला आजही संगणक आठवतो. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण तिचा इलाज नाही. ती पहिल्यांदा संगणकासमोर बसली ती लातूरच्या एका बंद पडलेल्या दालमिलच्या गोडाऊनमध्ये, त्र्याण्णवच्या डिसेंबरात. भूकंपाला अडीच महिने होत आले होते. औसा-निलंग्याकडची गावं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, आणि लातुरातही पुष्कळ माणसं डोक्यावर छत घ्यायला धजत नव्हती. थंडीत कुडकुडत अंगणात बाजा टाकून निजायची.

बाहेरून आलेल्या एका सेवाभावी संस्थेनं ते गोडाऊन घेतलं होतं. गावोगाव जाऊन कुणाच्या घरचं कोण गेलं, कोण राहिलं, राहिलेल्याला काय पाहिजे, याची नोंद करायची आणि ती संगणकात घालायची, असं काम. सालेहाचे अब्बा महेबूबभाई गोलाईजवळ जिल्दसाजी करायचे. संस्थेची बांधलेली रजिस्टरं पोचवायला गेले तेव्हा त्यांच्या कानावर आलं की टायपिंग येणारी मुलगी हवी आहे. ते तिथंच म्हणाले, "माझी पोरगी हाय. मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास. घरात बसून बोटं वाळवायलीय."

एकवीस वर्षांची सालेहा दुसऱ्या दिवशी अब्बांच्या सायकलवर मागं बसून आली. गोडाऊनच्या फटीफटीत डाळीचा पिवळा भुसा होता. मधोमध प्लायवूडची खोली ठोकली होती, तिच्यात एक मोठं मशीन, आणि बाहेर चार टेबलांवर चार पडदे. पडद्यावर हिरवी मराठी अक्षरं उमटायची. त्या सगळ्याचे धनी होते शेषेराव.

शेषेराव मूळचे देगलूरकडचे, शेतकरी घरातले. नांदेडला एका कारखान्याच्या संगणक खात्यात बरीच वर्षं काढून ते इथं आले होते. पन्नाशीच्या आतबाहेरचे, पांढरा सदरा-पायजमा, कानात अत्तराचा फाया. मशीनच्या खोलीत जाताना चप्पल बाहेर काढायचे आणि बाकीच्यांनाही काढायला लावायचे. सालेहाला वाटलं श्रद्धा असेल. ते म्हणाले, "श्रद्धा कशाची गं अम्मा, भुसा हाय तो. मशीनच्या पोटात गेला की खोकतंय." देगलूरकडं तेलुगू कानावरून जाते, त्यामुळं मुलींना ते 'अम्मा' म्हणायचे.

जमीन अधूनमधून हलायची. हलली की सगळे मैदानात पळायचे. शेषेराव आधी मशीन नीट बंद करायचे आणि मगच सावकाश बाहेर यायचे. एकदा सालेहा रागावली, "काका, छत पडलं असतं तर?" ते म्हणाले, "तुमाला पाय हायत. याला कुठंयत?"

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं की नीलाबाईंच्या फायली माझ्या पडद्यावर का उघडत नाहीत. नीलाबाई म्हणजे संस्थेच्या समाजसेविका. त्या शेडमध्ये बायकांजवळ एकेकटीपाशी बसायच्या, त्यांचं बोलणं ऐकायच्या, आणि परत आल्यावर स्वतः टाईप करायच्या. शेषेरावांनी सालेहाला फायलींची यादी दाखवली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षरं आणि आडव्या रेघा होत्या.

"नऊ जागा हायत बघ. पहिल्या तीन मालकाच्या, मधल्या तीन त्याच्या गटाच्या, शेवटच्या तीन बाकी दुनियेच्या. वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. अक्षर असलं तर मुभा हाय, रेघ असली तर न्हाई. अन् शेजारी मालकाचं नाव. नीलाबाईच्या फायलीत पुढं समद्या रेघा."

"आपणच सगळे एका ठिकाणी काम करतो. मग आपल्यापासून काय लपवायचं?"

"लपवायचं न्हाई गं. ती बाई जे बोलली ते नीलाबाईला बोलली. तुला न्हाई, मला बी न्हाई."

ते दिवस सालेहाच्या आयुष्यात सगळ्यात चांगले होते असं ती म्हणते, आणि म्हटल्यावर तिलाच अपराधी वाटतं, कारण टाईप करायची ती मेलेल्यांची नावं होती. पण एकविसाव्या वर्षी माणूस दुःखाच्या शेजारी बसूनही शिकण्याच्या आनंदात असतो. दुपारी सगळे डबे एकत्र उघडायचे. शेषेराव देगलूरचं लोणचं आणायचे, सालेहाच्या घरच्या बाजरीच्या भाकरीवर सगळ्यांचा डोळा असायचा. निलंग्याकडच्या खेड्यातला शिवशंकर नावाचा टायपिस्ट जेवताना सगळ्यांना कोडी घालायचा. दर शनिवारी शेषेराव सगळा डेटा टेपवर उतरवायचे. कॅसेटपेक्षा थोडी मोठी अशी ती टेप घरघरत फिरायची, ते शेजारी स्टूल टाकून बसायचे, आणि सालेहा बघत राहायची. दोन महिन्यांत ती मशीनला हुकूम सोडायला शिकली. शेषेरावांनी तिला मुख्य पासवर्डही सांगून ठेवला.

मार्चमध्ये त्यांची आई आजारी पडली आणि ते देगलूरला गेले. चौथ्या दिवशी भर दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि आली ती असा झटका देत आली की मशीनमधून जळका वास सुटला. टेप चालवणारा भाग गेलाच. मशीन कसंबसं सुरू व्हायचं, तासाभरात बंद पडायचं. संस्थेनं हैदराबादहून दुसरं मशीन मागवलं, पण जुन्या टेपा त्याला वाचता येईनात.

देगलूरला फोन लागला तो शेजारच्या किराणा दुकानात, आणि तिथून निरोप आला की म्हातारीचं काही खरं नाही. सालेहानं मनाशी ठरवलं. जुनं मशीन तासभर चालतं ना, मग त्या तासाभरात जेवढं निघेल तेवढं फ्लॉपीवर काढायचं. मशीन थंड होऊ द्यायचं, पुन्हा काढायचं. तीन दिवसांत त्रेचाळीस फ्लॉप्या भरल्या. बिस्किटाच्या डब्यात घालून ती त्या फ्लॉप्या छातीशी धरून नव्या मशीनपाशी घेऊन गेली आणि एकेक करून आत घातल्या. एकही फाईल गळली नाही. अडचण एवढीच आली की सगळ्या फायली मशीनच्या मुख्य खात्याच्या नावावर चढल्या, आणि बाकी कुणाला काहीच उघडेना. चारी टेबलांवरून ओरड सुरू झाली. सालेहाला एक हुकूम माहीत होता, सगळ्यांना सगळं उघडं करणारा. तिनं तो सोडला. काम सुरू झालं.

त्या दिवशी संस्थेच्या साहेबांनी पेढे आणले. अब्बांनी मोहल्लाभर सांगितलं की माझ्या पोरीनं जळतं मशीन वाचवलं.

यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी गंगम्मा आली.

तिला सालेहानं आधी पाहिलं नव्हतं. औशाकडच्या एका गावची, तिशीच्या आतली बाई. भूकंपात नवरा आणि लहान मुलगा गेलेले. डोक्यावर पदर, हातात कोपरापर्यंत नवाकोरा हिरवा चुडा. ती नीलाबाईंच्या टेबलासमोर उभीच राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"अक्का," ती म्हणाली, "मी तुमालाच सांगितलेलं. दिराचा हात धरायचा न्हाई म्हनून. पाडव्याच्या आदी माजा भाऊ येतो, मला नेतो, तवर कुनाला कळू देऊ नका म्हनून."

"हो गं. मी कुणाला..."

"आठ दिसामागं त्येंनी लगीन लावून टाकलं. भाऊ येन्याच्या आदी. गावात समद्याला ठावं होतं, मी जानार म्हनून. शब्द न् शब्द ठावं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मला भांडायचं न्हाई. मला एवडंच पुसायचंय. तुमी आनखी कुनाला सांगितलं?"

नीलाबाई रडायला लागल्या. मी कुणालाच सांगितलं नाही, एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. गंगम्मानं थोडा वेळ त्यांच्याकडं पाहिलं आणि ती निघून गेली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तो का बसावा?

सालेहा आपल्या टेबलाशी होती. शिवशंकर शेजारी बसला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गंगम्माचं गाव त्याच्या गावापासून दोन कोसांवर. त्या संध्याकाळी त्यानंच सांगितलं की ओळखीचं आडनाव दिसलं म्हणून आपण ती फाईल उघडली, वाचली, आणि वाईट वाटून घरी आईजवळ बोललो. आईला पण वाईटच वाटलं होतं, म्हणून ती बहिणीजवळ बोलली. कुणाच्याच मनात खोट नव्हती.

शेषेराव आईचं दिवसकार्य आटोपून दोन दिवसांनी परतले. डोकं भादरलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चप्पल काढून आत गेले आणि फायलींची यादी पडद्यावर आणली. अकराशे चाळीस ओळी. प्रत्येक ओळीत तीच नऊ अक्षरं, एकही रेघ नाही, आणि मालक म्हणून एकच नाव.

"फ्लॉपीला हे लिहून घेता येत न्हाई," ते म्हणाले. "मजकूर घेती, नाव घेती. कुणाचं हाय अन् कुणी उघडावं, ते तिच्यात मावत न्हाई. रान आलं अम्मा, बांध न्हाई आले."

"मीच उघडं केलं काका. एका हुकमात."

"हाव. दिसायलंय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते तिला शेजारी बसवून कामाला लागले. कुठली फाईल कुणाची, कुणाच्या गटाची, हे आठवून, कागदावर मांडून, एकेक बांध परत घालायला आठ दिवस लागले. तेव्हापासून शनिवारची टेप झाली की शेषेराव ती अख्खी यादी कागदावर छापायचे, आणि तीन महिन्यांतून एकदा टेप वेगळ्या जागी उतरवून कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघायचे. मजकूर परत येतो का एवढंच नाही, बांधही परत येतात का.

आठव्या दिवशी ते म्हणाले, "त्या बाईला सांगायला पाहिजे. नीलाबाईनं फोडलं न्हाई, आमच्या हातून झालं. तू चल, मी येतो संगं."

सालेहा हो म्हणाली. मग तिला ताप आला. मग घरवाटपाच्या याद्या आल्या, मग पाऊस आला. शहाण्णवला संस्थेचं काम संपलं, गोडाऊनला कुलूप लागलं, शेषेराव देगलूरला परतले. ती गेली नाही ती नाहीच. पुढं कुणाकडून तरी कळलं की गंगम्मा नव्या घरात राहते, तिला दोन मुलं आहेत, दीर वाईट माणूस नाही. ऐकून सालेहाला सुटल्यासारखं वाटलं नाही.

मधल्या वर्षांत लातूर पार बदललं. पत्र्याची शेडं गेली आणि गल्लीगल्लीत क्लासेसच्या पाट्या आल्या. देवणी, देगलूर, माहूर, कुठून कुठून पोरं-पोरी बारावीला लातुरात यायची, एका खोलीत चौघं राहायची, मेसचा डबा खायची आणि दर रविवारी चाचणी द्यायची. सालेहाचं लग्न झालं, नवरा अमान लातुरातच शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. दोन हजार चारपासून ती गुरुबसप्पा सरांच्या क्लासेसमध्ये संगणक सांभाळत होती. अडीच हजार विद्यार्थी, त्यांचे गुण, हजेरी, प्रश्नपत्रिका, सगळं एका सर्व्हरवर. शनिवारी बॅकअप झाला की ती यादी कागदावर छापायची आणि अब्बांनी बांधून दिलेल्या फायलीत लावायची. नवे शिक्षक तिची थट्टा करायचे.

त्याच सर्व्हरवर पंचफुला मॅडमची टिपणं होती. त्या समुपदेशक, उदगीरकडच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. घरापासून दूर आलेली सतरा वर्षांची मुलं त्यांच्या खोलीत येऊन दार लावून बोलायची.

दोन हजार आठच्या जानेवारीत सालेहा नणंदेच्या मुलीच्या मंगनीला दोन दिवस नांदेडला गेली, आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसला. सोमवारी सकाळी आठला तिला फोन आला की नवं मशीन लावलंय, पुरवठादाराचा माणूस तुमच्या बॅकअपवरून सगळं परत घालतोय, काळजी नसावी. ती मिळेल त्या एसटीनं निघाली. अहमदपूरला बस थांबली तेव्हा बाकीचे चहाला उतरले, ती बसूनच राहिली.

साडेबाराला ती पोचली. पुरवठादाराचा माणूस मुनीब, तरुण, हुशार आणि नम्र. त्यानं हातातलं काम ठेवून तिला सलाम केला. "आपा, तुमचा बॅकअप लई साफ होता. सगळ्या परवानग्या जशाच्या तशा आल्यात. एक रेघ इकडची तिकडं न्हाई. दहापासून चालू बी केलंय."

तिनं त्याचं कौतुक केलं, आणि तरीही शनिवारची कागदी यादी काढून पडद्याशी ताडायला बसली. मुनीबचं म्हणणं खरं होतं. नऊच्या नऊ अक्षरं जागच्या जागी. पंचफुला मॅडमच्या फायली फक्त मालकाला वाचता येतील, बाकी सगळ्या रेघा. ती पुढच्या ओळीवर जाणार, एवढ्यात तिची नजर शेजारच्या नावावर गेली. कागदावर मालक म्हणून 'पंचफुला' होतं. पडद्यावर होतं 'चौकशी'.

चौकशी म्हणजे दारातलं टेबल. आल्यागेल्याला माहिती देणारं, दिवसभरात चार माणसं ज्याच्यावर बसतात ते.

तिनं खाली पाहिलं. सगळीच नावं एकेक घर सरकली होती. गणिताच्या सरांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयाच्या नावावर, ग्रंथालयाचं मेसवाल्याच्या नावावर. मशीन मालकाला नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतं. जुन्या मशीनवर पाचशे चार म्हणजे पंचफुला. मुनीबनं फायली आणल्या त्या नंबरासकट, पण माणसांची खाती मात्र नव्यानं, हजेरीपटाच्या क्रमानं उघडली, आणि पाचशे चार नंबर चौकशीच्या वाट्याला आला. नऊ अक्षरं इमानदारीनं परत आली होती. ती आता भलत्याच माणसाची राखण करत होती.

सालेहा उठली आणि तिनं सर्व्हरची नेटवर्कची वायर उपटली. वर्गावर्गातले पडदे थबकले.

गुरुबसप्पा सर दोन मिनिटांत आले. साठीचे, पदार्थविज्ञान शिकवणारे, खडूनं भरलेले हात. "कोण काढली वायर? चारला रविवारच्या चाचणीचा निकाल लावायचाय. खाली पालक येऊन बसलेत."

"मी काढली सर. फायली चुकीच्या माणसाच्या नावावर चढल्यात. नीट केल्याशिवाय चालू करता येत न्हाई."

"निकालाची फाईल बरोबर हाय का?"

"ती आज सकाळीच नव्यानं केलेली, ती बरोबर हाय."

"मग तेवढं चालू करा. बाकीचं निवांत करा उद्या."

"पंचफुला मॅडमची टिपणं चौकशीच्या टेबलावर उघडायलीत, सर."

सरांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "कोण वाचतंय ते? ज्याला त्याला आपापलं काम हाय."

चौदा वर्षांत सालेहानं ती गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती. तिथं उभ्या उभ्या तिनं ती सरांना सांगितली. दालमिल, फ्लॉप्या, हिरवा चुडा. फार तर पाच वाक्यं झाली असतील. मुनीब मान खाली घालून ऐकत होता.

सरांनी हात झटकले, खडूची धूळ उडाली. "किती वेळ लागंल?"

"चार तास."

"निकाल पाचला लावू. पालकांना मी बघतो." दारातून वळून म्हणाले, "मुनीबला रागावू नका. घाई मीच केली त्याला."

कागदी यादी होती म्हणून सोपं गेलं. मुनीब नाव वाचायचा, ती मालक बदलायची. ते चालू असतानाच तिनं आणखी एक गोष्ट बघून घेतली, कुठली फाईल शेवटची कधी उघडली ते. दहा ते साडेबाराच्या दरम्यान पंचफुला मॅडमच्या फायलींपैकी एकच उघडली गेली होती. दहा बावन्नला. सुकन्या नावाच्या मुलीची.

चौकशीच्या टेबलावर सकाळपासून रुखसार होती. वीसेक वर्षांची, बीए करता करता नोकरी करणारी. सालेहानं तिला बाजूला घेतलं.

"सकाळी सुकन्याची फाईल उघडली होतीस?"

रुखसारनं लपवलं नाही. "तिच्या वडलांचा फोन आला होता देवणीहून, फॉर्मवरची जन्मतारीख बघा म्हणून. शोधलं तर दोन फायली आल्या. भलतीच उघडली."

"लगेच बंद केलीस?"

"न्हाई." ती खाली बघत म्हणाली. "वाचत गेले. सगळी वाचली."

"कुणाला बोललीस?"

"न्हाई," रुखसार म्हणाली, आणि थोडं थांबून, "अजून तरी न्हाई."

त्या 'अजून'चा सालेहाला राग आला नाही. शिवशंकरनंही चौदा वर्षांपूर्वी वाईट वाटूनच तोंड उघडलं होतं. तिनं पंचफुला मॅडमना गाठलं आणि झालं ते सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं. सुकन्याला मिरगी होती. औषधं चालू होती, वर्षभरात एकदाच झटका आला होता. पण खोलीवरच्या मैत्रिणींना माहीत नव्हतं, घरमालकिणीला तर नाहीच. कळलं तर खोली सोडावी लागेल, आणि खोली गेली तर वडील परत गावी नेतील, याच भीतीनं ती पोर मॅडमपाशी येऊन रडली होती.

"आता फाईल बंद झाली ना?" मॅडम म्हणाल्या. "रुखसारला मी समजावते. ती बोलणार नाही. मग सुकन्याला कशाला सांगायचं? परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आलीय, उगी घाबरंल."

"नाही सांगितलं तर तिला कधीतरी दुसरीकडून कळंल," सालेहा म्हणाली. "मग ती तुमालाच विचारंल, कुणाला सांगितलं म्हणून. तेव्हा तुमच्यापाशी उत्तर नसंल."

पाचला निकाल लागला. सव्वापाचला तिघी सुकन्याच्या खोलीवर गेल्या. रुखसारला कुणी चल म्हटलं नव्हतं, ती आपणहून निघाली. खोलीत बाकीच्या मुली नव्हत्या, मेसला गेल्या होत्या. सुकन्या दोरीवरचे कपडे काढत होती. बारीक अंगाची, दोन वेण्या, तिघींना एकदम बघून दचकलेली.

सालेहानं सांगितलं. मशीन कसं बिघडलं हे सांगण्यात तिनं वेळ घालवला नाही. तुझं टिपण आज सकाळी एका दुसऱ्या बाईनं वाचलं, मॅडमनी ते फोडलं नाही, चूक संगणक सांभाळणाऱ्यांची, म्हणजे माझी, एवढं सांगितलं.

सुकन्यानं हातातले कपडे पोटाशी घट्ट धरले. "मॅडम, मी फक्त तुम्हाला म्हणले होते."

"हो बेटा."

"किती जणांनी वाचलं?"

"एकीनं."

"कोण?"

"मी," रुखसार दारातून म्हणाली.

खाली कुणीतरी हातपंप हापसत होतं.

"मग आता सांगणार का सगळ्यांना?" सुकन्यानं विचारलं.

"न्हाई." रुखसार आत आली. "माझ्या खालाला येते मिरगी. लहानपणापासून बघितलंय मी. लोक चमचा घालतेत तोंडात, कांदा हुंगवतेत. तसलं काही करायचं नसतं. कुशीवर निजवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, अन् शुद्धीवर येऊस्तोवर शेजारी बसायचं. इथं कुणाला तरी हे माहीत पाहिजे ना?"

सुकन्या तिच्याकडं बघत राहिली. नंतर ती रागानं रडली. मॅडमवर, सालेहावर, सगळ्यांवर चिडली. दोन दिवस क्लासला आली नाही, आणि पंचफुला मॅडमच्या खोलीत तर पुढं महिनाभर फिरकली नाही. सांगितलं म्हणून तिनं पाया पडावं अशी काही सालेहाची अपेक्षा नव्हती. तिसऱ्या दिवशी मुलगी वर्गात दिसली तेव्हा मात्र तिला चहा गोड लागला.

त्या आठवड्यात तिनं देगलूरला शेषेरावांना फोन लावला. आता त्यांच्या घरात फोन होता, पण ऐकू कमी यायचं. नंबर सरकल्याची गोष्ट तिला तीनदा ओरडून सांगावी लागली. कळली तेव्हा म्हातारा हरखून गेला. "आरं तिच्या! म्हंजे अक्षरं नीट, मालक भलता. हे आमच्या ध्यानात आलं नसतं बग." मग म्हणाले, "त्या लेकीला सांगितलंस का?"

"त्याच दिवशी."

"कसं वाटायलंय तुला?"

"माहीत न्हाई काका. ती लई चिडली."

"चिडू दे. चिडायला तरी खरं माणूस मिळालं तिला."

सुकन्याला फेब्रुवारीच्या शेवटी अभ्यासिकेत झटका आला. रुखसार धावली, तिनं मुलींना मागं सारलं, कुशीवर निजवलं आणि शुद्धीवर येईपर्यंत घड्याळाकडं बघत शेजारी बसून राहिली. अर्थात त्यानंतर सगळ्यांना कळलंच. खोलीवरच्या दोघींनी खोली बदलली, तिसरी राहिली. घरमालकिणीनं आठ दिवसांत जागा खाली करायला सांगितली, तेव्हा पंचफुला मॅडमनी आपल्या बहिणीकडं सोय लावली. देवणीहून वडील आले होते, मुलीला न्यायच्या तयारीनं, तर गुरुबसप्पा सर त्यांच्याशी तासभर जनावरांच्या बाजारावर बोलत बसले आणि ते एकटेच परत गेले. डॉक्टरकीला तिचे गुण थोडक्यात कमी पडले. पुढं नांदेडला तिनं फिजिओथेरपी केली.

मे महिन्यात क्लासला चार दिवसांची सुट्टी लागली तेव्हा सालेहा आणि अमान देगलूरला जाऊन आले. शेषेरावांनी ओसरीवर सतरंजी टाकली होती. सालेहानं नेलेला लॅपटॉप त्यांनी मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि एका बोटानं अक्षरं शोधत यादीचा हुकूम टाईप केला. पडद्यावर ओळी सरसर खाली आल्या. ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते, आधी नऊ अक्षरं, मग शेजारचं नाव, आणि आतून त्यांची सून जेवायला हाका मारत होती.